टाकी गळतेय? आधी बिडी विझवा, मग गाडीखाली वाका

निपाणी : कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त झाल्यापासून सीमेवरच्या पंपांवर एमएच-०९ च्या गाड्या नेहमीच्याच झाल्यात. कागलकडची मंडळी कोगनोळी ओलांडून येतात, टाकी काठोकाठ भरतात आणि माघारी जातात. आम्ही निपाणीकरही कोल्हापूरला निघायच्या आधी इथंच फुल्ल करून घेतो. या फुल्ल टाकीनंच गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या मारुती ८०० चं दुखणं बाहेर काढलं. संध्याकाळी पेट्रोल भरलं, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी होती आणि मागच्या चाकाजवळ फरशीवर ओला डाग. वास घ्यायला वाकायचीही गरज नव्हती.

आपल्या भागात अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, अॅम्बेसेडरचं त्याच वर्षी मे महिन्यात, पद्मिनीचं तर कितीतरी आधी. तरी रानाकडं, दुकानाकडं, बाजाराला या गाड्या रोज फिरतात. यांच्या टाक्या पत्र्याच्या. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना प्लॅस्टिकची टाकी असते, तिला गंज माहीत नाही. पत्र्याच्या टाकीला मात्र दोन्ही बाजूंनी मार बसतो. बाहेरून चिखल, टाकी जिथं पट्ट्यांनी किंवा बोल्टनं आवळलेली असते तिथं तो साचून राहतो आणि महिनोन्महिने ओल धरतो. आतून पाणी, टाकी निम्म्याहून रिकामी ठेवली की रिकाम्या जागेतल्या हवेतला दमटपणा थंडीत पत्र्यावर धरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. म्हणून बारीक भोकं बहुतेक तळाच्या कोपऱ्यात पडतात.

गळती कुठली आहे हे गळण्याच्या वेळेवरून बरंचसं कळतं. टाकी फुल्ल केल्यावरच ठिपकत असेल आणि चार-पाच लिटर संपल्यावर थांबत असेल, तर दोष वरच्या अंगाला आहे. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारा रबरी पाईप, त्याची क्लिप, काटा दाखवणाऱ्या युनिटखालचं पॅकिंग किंवा टाकीच्या दोन भागांची वरची शिवण. तापमान दहा अंशांनी चढलं की पेट्रोल साधारण एक टक्क्यानं फुगतं. २८ लिटरच्या टाकीत हे पाव लिटरच्या वर जातं. काठोकाठ भरलेल्या टाकीत ते जाणार कुठं? पंपावर बंदूक कट झाली की तिथंच थांबावं, वर दहा-वीस रुपये राउंड करायला लावू नये.

गळती टाकी रिकामी होईपर्यंत थांबतच नसेल तर भोक तळाला आहे. इथं डोळा फसतो, कारण थेंब भोकापाशी पडत नाही, पत्र्यावरून ओघळत सगळ्यात खालच्या जागी येऊन पडतो. टाकीचा बाहेरचा भाग कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर खडूची पूड भुरभुरावी. जिथं पूड आधी ओली होते तिथं भोक. हे काम दिवसाउजेडी उघड्यावर करावं. मोबाईलचा टॉर्च चालतो, वायरचा बल्ब नको. निपाणीत बिडीबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच, पण त्या वेळी ती दूरच ठेवावी, शेजाऱ्याच्या हातातलीसुद्धा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि चार-सहा पावलांवरची ठिणगी शोधून काढते.

थेंब-थेंबच तर पडतोय, बघू सावकाश, असं वाटतं. मी कॉमर्सवाला, म्हणून हिशोब मांडला. दोन सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाकाठी अर्धा ते पाऊण लिटर होतं. लिटरचा दर शंभराच्या वर. महिन्याचा आकडा वाचकांनी स्वतःच काढावा.

रस्त्यात गळती सापडली तर जुन्या ड्रायव्हरांचा साबणाचा उपाय अजून कामाला येतो. कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी भोकावर दाबून घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, भोकात बसतो. पाण्यात मात्र विरघळतो, त्यामुळं आपल्या पावसाळ्यात त्याचा भरवसा गॅरेज गाठेपर्यंतच. एम-सीलचा लेप त्याहून बरा, पण तो ओल्या पत्र्यावर धरत नाही. पेट्रोलची पातळी भोकाच्या खाली आणावी, पत्रा पॉलिश पेपरनं हातानं घासून चकचकीत करावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग लेप दाबावा. ग्राइंडर किंवा ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश अजिबात नको, ठिणगी उडते. घासताना गंजाचा पापुद्रा निघून सुईएवढं भोक हरभऱ्याएवढं झालं तर घाबरू नका, पत्रा तेवढा आधीच संपला होता. लेप मात्र तिथं लावू नका.

पातळी उतरवायला अनेक जण नळी तोंडात धरून ओढतात. पेट्रोलचा घोट छातीत गेला तर फुप्फुसाला सूज येते. चुकून पोटात गेलं तर उलटी करायला लावू नये, थेट दवाखाना गाठावा. हातपंप स्वस्तात मिळतो. पेट्रोल काढून पत्र्याच्या डब्यात घ्यावं, प्लॅस्टिकच्या बादलीत नको.

आता खरी गोष्ट. ती गॅरेजवाल्यांनीही वाचावी.

टाकी काढली, पेट्रोल ओतून टाकलं, रिकामी झाली, आता वेल्डिंग मारायला काय भीती, असं सर्रास म्हटलं जातं. मलाही एका गॅरेजात हेच ऐकवलं गेलं. उलटं आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती भडकते. त्याहून जास्त असली तर हवा पुरत नाही. भरलेल्या टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की आत स्फोट होणं अवघड. रिकाम्या टाकीत ती पातळ होऊन नेमकी धोक्याच्या पट्ट्यात येते. २८ लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला चहाचा अर्धा चमचा पेट्रोल पुरतं, आणि तेवढं तर गंजाच्या थरातच मुरलेलं असतं. तोंडाशी नाक लावून वास येत नाही म्हणणं ही काही तपासणी नव्हे.

म्हणून असं काम वेल्डरपेक्षा जाणत्या रेडिएटरवाल्याकडं द्यावं. तो टाकी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं तीन-चार वेळा खळखळून धुतो, मग भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरतो म्हणजे वाफेला जागाच उरत नाही, सगळी तोंडं उघडी ठेवतो आणि कथील-शिशाचा डाग देतो. हा डाग सुमारे दोनशे अंशांना वितळतो. वेल्डिंगला पत्रा वितळवावा लागतो, त्याला पंधराशेच्या आसपास अंश लागतात. टाकी पाण्यानं भरतोस का, एवढं विचारावं. नाही म्हणाला तर टाकी उचलून घरी आणावी, माणसाचा राग आला तरी चालेल.

भोकं दोन-तीन असतील किंवा बोटानं दाबल्यावर पत्रा लवत असेल तर डागाचे पैसे वाया जातात. स्क्रॅपमधली चांगली टाकी बघावी, पण घेण्याआधी आत टॉर्च मारून तळ बघावा. दुरुस्त टाकी तपासताना टायरच्या हवेची नळी लावू नये, टाकी फुगून शिवण उसवते. सगळी तोंडं बंद करून हातपंपानं किंचित हवा भरावी आणि साबणाचा फेस लावून बुडबुडे बघावेत.

एक नवी भानगड इथेनॉलची. बंगळूरमध्ये ६ फेब्रुवारी २०२३ ला २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आता तेच पंपांवर मिळतं. उसाचा भाग असल्यानं आपल्याला त्याचं कौतुक, ते असावंच. पण इथेनॉल पाणी ओढून धरतं, टाकीतला जुना चिकट थर सोडवून फिल्टर चोंदवतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला साजेसे करायचे ठरले, आपल्या गाड्या त्याच्या फार आधीच्या. तेव्हा पाईप बदलताना इथेनॉलला चालणाराच मागावा. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी तळाला घासेपर्यंत रिकामी ठेवू नये.

गळतीला आग लागलीच तर पाणी मारू नका, जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढं जातं. कोरडी वाळू, नाहीतर पावडरचा सिलिंडर. माणसं आधी लांब, मग ११२ ला फोन; हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.

माझ्या गाडीत शेवटी तोंडाजवळचा रबरी पाईप तडकलेला निघाला. टाकीला हातही लावायची गरज पडली नाही. पाईप आणि दोन क्लिपा बदलल्या, टाकी फुल्ल केली आणि रात्रभर गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवला. सकाळी कोरडा होता. पट्ट्यांखालचा चिखल काढायचं काम मात्र अजून राहिलंय, मृगाच्या आत करायला पाहिजे.