बसलेला आवाज आणि संगणकातला घसा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पंधरा दिवसांत घसा बसलेले शिक्षक दवाखान्यात येऊ लागतात. मागोमाग भाजीवाले, भजनी मंडळातले बुवा. मागणी ठरलेली, "डॉक्टर, एखादी जालीम गोळी द्या." आवाज कसा निघतो हे कळले तर गोळीचा आग्रह कमी होईल, म्हणून आज थोडे शास्त्र.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असले तरी त्या सतारीच्या तारा नव्हेत. स्नायूवर ओलसर, मऊ अस्तर चढलेल्या त्या दोन घड्या आहेत. बोलताना त्या पुरुषात सेकंदाला साधारण सव्वाशे, तर स्त्रीत दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. म्हणजे बाईंनी वर्गात एकूण तासभर आवाज लावला, तर सात लाख वीस हजार वेळा!

एवढ्या वेगाने त्यांना हलवते कोण? मेंदू प्रत्येक कंपनासाठी वेगळा संदेश धाडतो, असे फ्रान्सच्या हुसाँ यांनी १९५० साली मांडले होते. हॉलंडच्या व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये ते खोडून काढले. हे काम फुप्फुसातल्या हवेचे. पण हवा तर एकाच दिशेने वाहते, मग घडी मागेपुढे कशी होते? येथे संगणक कामी आला. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या नियतकालिकात इशिझाका व फ्लॅनॅगन यांनी एक नमुना मांडला. प्रत्येक घडीच्या जागी स्प्रिंगला जोडलेली दोन वजने, एक खाली, एक वर. मधून वाहणाऱ्या हवेचा दाब गणिताने काढायचा. त्यातून दिसते ते असे, की खालची कड आधी हलते आणि वरची मागून. त्यामुळे उघडताना हवेचा रेटा जास्त, मिटताना कमी. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा, तसे हे चालते.

पुढे घडीचे शेकडो बारीक तुकडे कल्पून गणिते होऊ लागली. आपटण्याचा ताण सर्वांत जास्त पडतो तो कंप पावणाऱ्या भागाच्या मध्यावर, आणि सतत ओरडणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात त्या नेमक्या तेथेच. अस्तर कोरडे, चिकट झाले तर आवाज फुटायलाच जास्त दाब लागतो, हेही गणितातून निघते. म्हणून दिवसभर घोट घोट पाणी प्यावे. खडीसाखर चघळा, माझी हरकत नाही. मात्र गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना तो लागत नाही. खरे औषध म्हणजे काही दिवस कमी बोलणे. वर्ग शांत करायला टाळी किंवा डस्टर वापरावे.

मात्र तुमच्या घशात काय आहे, हे संगणकाला ठाऊक नसते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर स्वरतंतू प्रत्यक्ष पाहून घ्यावेतच. विडी, सिगारेट, तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच टाळू नये. स्वरतंतूचा कर्करोग बहुधा आवाज बदलूनच आपली पहिली वर्दी देतो. तेव्हाच सापडला तर अनेकदा नुसत्या किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो, आवाजही बराचसा टिकतो. गुळण्या आणि काढे करण्यात सहा महिने गेले, की पुष्कळदा अख्खे स्वरयंत्र काढावे लागते. तपासणीची भीती नको. कान-नाक-घसा तज्ज्ञ आरशाने किंवा दुर्बिणीने पाहतात, काही मिनिटांचे काम असते. श्वासाला त्रास, गिळताना दुखणे, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ असेल, तर तीन आठवडेही थांबू नये.