परदेशगमनापूर्वीं ऐतिहासिक कादंबरी

परदेशीं प्रथमच निघणारा मनुष्य सामानाची, पैशाची व गरम कपड्यांची तयारी कसून करतो. मनाची तयारी मात्र राहून जाते. मग तो थोर इमारतींपुढें उभा राहतो, छायाचित्रें काढतो आणि परततो. त्या दगडांशीं त्याची ओळख होत नाहीं. ही ओळख ऐतिहासिक कादंबरी करून देते. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ वाचून जो सिंहगड चढला आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको.

तथापि प्रवासासाठीं कादंबरी कशी वाचावी, हें शिकावें लागतें. आमचा नियम असा कीं, वहींत तीन सन लिहून ठेवावे : कथा कोणत्या सालची, पुस्तक कोणत्या सालचें, आणि आपण जें डोळ्यांनीं पाहणार तें कोणत्या सालचें.

उदाहरणार्थ, पॅरिस शहर घ्या. व्हिक्टर ह्यूगो यांनीं १८३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कादंबरींत नोत्र दाम या ख्रिस्तमंदिराभोंवतीं १४८२ ची कथा गुंफिली आहे. मंदिराच्या दर्शनी बाजूचे दोन बुरूज त्या काळींहि होते. परंतु छतावरील जुनें निमुळतें शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरविलें गेलें. १८५९ मध्यें नवें उभारलें. तें १५ एप्रिल २०१९ च्या आगींत कोसळलें. मंदिर डिसेंबर २०२४ मध्यें पुनः उघडलें, तेव्हां त्यावर तसेंच शिखर पुनः चढलें होतें. बुरुजांवरील विचित्र दगडी प्राणी तर कादंबरीनंतरच्या दुरुस्तींतले. आणि ती दुरुस्ती सुरू झाली, याचें मोठें श्रेय या कादंबरीसच आहे. तिनेंच जीर्ण मंदिराविषयीं लोकांत आस्था जागविली.

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ १८५९ ची. तींत फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ आहे. आम्ही पहिल्यानें पॅरिसला गेलों, तेव्हां एवढें एकच पुस्तक वाचून गेलों होतों. बॅस्टिलचा तुरुंग पाहावा म्हणून त्या चौकांत गेलों, तों तुरुंग कोठेंच नाहीं! १४ जुलै १७८९ रोजीं लोकांनीं तो घेतला, तेव्हां आंत अवघे सात कैदी होते. पुढें तो पाडला गेला आणि त्याचे कांहीं दगड सीन नदीवरील एका पुलास लागले. चौकांतील उंच स्तंभहि त्या क्रांतीचा नसून १८३० च्या क्रांतीचा आहे.

ही झाली दगडांविषयींची चूक. माणसांविषयींची चूक त्याहून वाईट. जवळच रविवारचा बाजार भरला होता. एक वृद्ध स्त्री भाजीमागें बसून विणीत होती. डिकन्सच्या कथेंतील मादाम दफार्ज, ज्यांचा सूड घ्यावयाचा त्यांचीं नांवें विणकामांत गुंफीत असते. तिची आठवण होऊन आम्ही उगीच कचरलों. पुढें वाट चुकलों, तेव्हां तीच बाई विणकाम खालीं ठेवून आम्हांस रेल्वेस्थानकाच्या दारापर्यंत पोंचवून गेली. आमची आम्हांस लाज वाटली. डिकन्स इंग्रज, शिवाय त्या घटनेनंतर सत्तर वर्षांनीं लिहिणारे. त्यांनीं रंगविलेला जमाव म्हणजे आजचे फ्रेंच लोक नव्हेत. म्हणून परक्याच्या पुस्तकाबरोबर त्या देशच्या लेखकाचेंहि एक पुस्तक वाचावें.

घरच्या उदाहरणानेंहि हें पटेल. कोंढाण्यास सिंहगड हें नांव १६७० मध्यें, तानाजीच्या मरणानंतर पडलें, असें आपण मानतों. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रांतहि तें आढळतें. यामुळें तानाजीचें शौर्य उणें होत नाहीं, कीं कादंबरी टाकाऊ ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां परदेशीं जातील. निघण्यापूर्वीं कादंबरी अवश्य वाचा, तीन सन लिहा आणि त्यांखालीं एक पान कोरें ठेवा. तेथील माणसांविषयीं जें लिहावयाचें, तें त्यांस भेटून आल्यावरच त्या पानावर लिहा.