वस्तऱ्याबरोबर दगडही द्यावा

वर्षावासाच्या समाप्तीला किंवा श्रामणेर शिबिराच्या निमित्ताने आपल्यातील अनेक कुटुंबे भिक्खुसंघाला अष्टपरिष्कारांचे दान देतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि वस्तरा असा तो संच. ब्लेड बदलण्याचा वस्तरा दिला असेल तर प्रश्न नाही. परंतु श्रद्धेने अखंड पोलादी पात्याचा वस्तरा दिला जातो, तेव्हा त्याबरोबर धार लावण्याचा दगड क्वचितच असतो. दगडाविना असा वस्तरा काही मुंडनांनंतर डोके ओरबाडू लागतो आणि पेटीत पडून राहतो.

विनयपिटकात असे झालेले नाही. चुल्लवग्गात भिक्खूंच्या केसांची मर्यादा दोन महिने किंवा दोन बोटे अशी घातली आहे. वस्तऱ्याची अनुज्ञा देताना त्याच्या पाठोपाठ ‘खुरसिला’, म्हणजे वस्तऱ्याचा दगड, आणि वस्तरा ठेवण्याचे म्यानही तथागतांनी सांगितले आहे. ज्या संघात विनयाचे पठण करण्याचा मान पहिल्या संगीतीत उपालि स्थविरांना मिळाला, त्या संघाला हत्याराची जाण असणारच. उपालि पूर्वाश्रमीचे न्हावी. शाक्य राजपुत्रांनी आपल्याआधी त्यांना प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, ती आपला कुलाभिमान गळावा म्हणून.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला वस्तऱ्याचे मोल निराळ्या कारणाने ठाऊक होते. गावचा न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावीत नसे. वस्तीतीलच कोणीतरी वस्तरा बाळगी. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे व न्हाव्याचे दुकान येते काय, अशी शंका निघाली. त्या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, सेवा देणारी जागाही त्यात येते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले. आज तोच हक्क अनुच्छेद 15 मध्ये आहे.

आता दगडाविषयी. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण कोयत्याला चालेल, वस्तऱ्याला नाही. त्याचे कण एकसारखे नसतात आणि एक जाड कणही पातळ धारेला दाते पाडतो. वस्तऱ्याला हवा तो अतिशय बारीक व एकजिनसी कणांचा दगड. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल यासाठी नावाजलेला आहे. त्यातील गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद हळुवार झिजवतात. अमेरिकेतील आर्कन्सॉचा नोव्हाक्युलाइट तर नावानेच वस्तऱ्याचा दगड आहे, कारण लॅटिनमध्ये ‘नोव्हाक्युला’ म्हणजे वस्तरा. हे नैसर्गिक दगड महाग, आणि प्रत्येक तुकडा वेगळा निघतो. दान देणाऱ्याने त्यांच्या मोहात पडू नये, असे आम्हांस वाटते. कारखान्यात बनलेले, आकडा लिहिलेले पाण्याचे दगड अधिक भरवशाचे. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. बोथट वा दाते पडलेल्या पात्याला आधी 1000 क्रमांकाचा दगड लागतो, मग 3000 ते 5000 च्या दरम्यानचा, शेवटी 8000 किंवा त्याहून बारीक. वस्तरा मुळात चांगला असेल आणि एकच दगड घेणे परवडत असेल, तर 8000 चा घ्यावा. नित्य वापरात तोच लागतो. स्वयंपाकघरातील सुरीसाठी मिळणारा दुरंगी खडबडीत दगड मात्र वस्तऱ्याजवळही आणू नये.

दगडावर वस्तरा सपाट ठेवायचा असतो. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकली पाहिजेत. कोन पाठच ठरवते, हाताने धरावा लागत नाही. दगडावर धार पुढे करून वस्तरा न्यावा आणि परतताना तो पाठीवरून उलटावा. जोर लावू नये, पात्याचे वजन पुरते. शेवटच्या दगडानंतर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा तो उलट दिशेने, पाठ पुढे ठेवून. तेथे धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो आणि धारही वळते. एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना पाते, दगड आणि हात स्वच्छ धुवावेत, नाहीतर जाड कण बारीक दगडावर जाऊन आधीची मेहनत वाया जाते.

दगडही झिजतो आणि मधोमध खोलगट होतो. खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरावा आणि सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड घासावा. मध्यभागी रेघ राहिली तर खळगा अजून आहे. तेल वापरलेल्या दगडावर पुन्हा पाणी घालू नये. पाण्याचा दगड सावलीत वाळवावा. उन्हात ठेवल्यास तडकण्याची भीती असते.

शिबिरात एका सकाळी अनेक मुलांचे मुंडन होते. तेथे अखंड पात्याचा वस्तरा वापरू नये, प्रत्येक डोक्याला नवे ब्लेड लावावे. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांना चांगली धार अडवत नाही, आणि दगडावर घासल्याने पाते निर्जंतुक होत नाही. पोलादी वस्तरा एकाच भिक्खूचा असतो.

राईत आणखी एक अडचण आहे. खाडी, समुद्र आणि मिठागरे यांच्यामध्ये वसलेल्या या गावात हवा खारट आहे आणि पोलादाला गंज लवकर चढतो. मुंडनानंतर वस्तरा पुसून, पूर्ण वाळवून शिलाई यंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा; ओल्या म्यानात ठेवू नये. थायलंडमध्ये पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भिक्खू मुंडन करतात. आपल्याकडे पावसाळ्यात त्या दिवसाबरोबर अमावस्येच्या आदल्या दिवशीही वस्तरा आणि दगड उघडून पाहिले, तर गंज बसण्याआधीच दिसेल.