डाळिंबाचा बहार आणि शाळेची फी

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा सोलापूर जिल्ह्याचा कमी पावसाचा पट्टा. इथल्या माळरानाला डाळिंबाने पैसा दाखवला. २००५ साली सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले. २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंबा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. बाग शेतकऱ्याची, पण छाटणी करणारे, फळ तोडणारे, प्रतवारी करणारे, गाड्या भरणारे आणि आडतीवर बसणारे बागवान अशा कितीतरी घरांची चूल या फळावर पेटते. त्या घरांतल्या मुलांची फीही यातूनच निघते.

आजोबांच्या काळी फीचा प्रश्न वेगळा होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालावीत म्हणून बाया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत. वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना ईबीसी सवलत मिळू लागली. १९८५-८६ पासून राज्यात मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. तेव्हा घराला जड जाई ते वह्या-दप्तर, गणवेश आणि हाताशी येणारे पोर शाळेत गेल्याने बुडणारी मजुरी.

आता गावोगावी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात. फी, गाडीभाडे, पुस्तकांचा संच, सगळे जूनमध्ये मागितले जाते. डाळिंबाचे गणित मात्र जूनशी जुळत नाही. मृग बहाराचे फळ हिवाळ्यात निघते, हस्त बहाराचे उन्हाळा लागताना आणि आंबे बहाराचे ऐन पावसाळ्यात. जूनमध्ये मृग धरणाऱ्याच्या बागेत खत, औषध आणि मजुरीचा खर्च सुरू असतो. मग आडत्याकडून उचल घ्यायची. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो. भाव पडला तर पट्टीतून आधी उचल वजा होते, उरेल ते घरी. तेल्या रोगाने फळ डागाळले, तर पट्टीही नाही आणि दुसरा हप्ताही नाही.

पैसे भरण्याची रीत मात्र बदलली. पूर्वी वडील नोटा मोजून पावती आणत, आता हप्त्याची आठवण मोबाईलवर येते आणि पैसेही तिथूनच जातात. अनेक घरांत हा मोबाईल अम्मीच्या हातात असतो. फीची तारीख तिला आधी कळते, म्हणून काटकसरही तिच्याच ताटापासून सुरू होते.

खरा फटका बसतो तो मुलीला. पैसे एकाचेच असतील, तर मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी फुकटच्या शाळेत, हा निवाडा घरात बोलून होत नाही, आपोआप होतो. फुकटची शाळा वाईट असते असे नव्हे. पण निवड बुद्धी पाहून व्हावी, मुलगा की मुलगी हे पाहून नव्हे.

आधाराच्या वाटाही बदलल्या आहेत. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली. दुसरीकडे, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी घरांतील मुलींना राज्याने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसेल, तर ही माफी कागदावरच राहते. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर मंजुरीला यावी लागते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. हप्ते पिकाच्या पैशाशी जुळवून मागायचे, तर तिथे बसून बोलले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. २०१६-१७ च्या सुमारास रमजान जूनच्या आसपास होता, जकातीचा पैसा फीच्या वेळीच हाती येई. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०२५ साली तो मार्चमध्ये आला. मोहल्ल्याच्या जमातीने त्यातला वाटा जूनपर्यंत गरजू मुलांच्या नावे राखून ठेवला आणि ज्यांना जकात लागू नाही त्यांना करजे-हसना दिले, तर बहार येईपर्यंत कुणा मुलीचे दप्तर खुंटीला टांगावे लागणार नाही.