गोंदलेला हात आणि नोकरीचा अर्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्हा लष्कराच्या नागपूर भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. अग्निवीर भरतीची जाहिरात निघाली की पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत धावायला येणाऱ्या पोरांत उंची-छातीइतकीच चर्चा हातावरच्या टॅटूची होते. ऐकीव गोष्टींवर विसंबून कुणी अर्जच भरत नाही, तर कुणी घरीच ॲसिड लावून नाव जाळायला बघतो. नियम आहेत, पण अफवेइतके सरसकट नाहीत.

गैरसमज: टॅटू काढला की सरकारी नोकरीचं दार बंद.
वस्तुस्थिती: तलाठी, शिक्षक, बँक कर्मचारी, अगदी जिल्हाधिकारी होण्यासाठीही टॅटू नसावा अशी अट नाही. ती प्रामुख्याने सैन्य आणि केंद्रीय सशस्त्र दलांत आहे. खासगी क्षेत्रात विमान कंपन्या केबिन क्रूच्या गणवेशाबाहेर दिसणारा टॅटू सहसा चालवून घेत नाहीत.

गैरसमज: गणवेशाच्या नोकरीत एकही टॅटू चालत नाही आणि सगळीकडे नियम एकच.
वस्तुस्थिती: लष्करात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, इतरत्र कायमचा टॅटू चालत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफसारख्या दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. पण हाताच्या आतल्या बाजूला असेल तर तो हात डावा हवा, कारण सलाम उजव्या हाताने करायचा असतो. आकारही त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो. त्यामुळे उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘आई’ गोंदलेला मुलगा लष्कराच्या नियमात बसतो आणि सीआरपीएफच्या नियमात अडतो.

गैरसमज: मेडिकलमध्ये बाद झालो, विषय संपला.
वस्तुस्थिती: केंद्रीय दलांत फेरतपासणी मागता येते. सोलापूरच्या एका उमेदवाराला हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे सीआयएसएफने नाकारलं, तेव्हा २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मात्र कोर्टात गेलं की जिंकलंच, असंही नाही. हवाई दलाने टॅटूवरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

गैरसमज: आदिवासींच्या गोंदणालाही हीच मोजपट्टी.
वस्तुस्थिती: जमातीच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदलेलं असेल, तर लष्कर प्रत्येक प्रकरण तपासून सूट देतं. गोंड आणि कोलाम वस्ती असलेल्या केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांतल्या मुलांसाठी ही तरतूद मोलाची आहे. पण सूट आपोआप मिळत नाही. गोंदण परंपरेतलं आहे, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जमातीचा दाखला आहे म्हणून दुकानात काढलेला ड्रॅगन त्यात बसत नाही.

गैरसमज: अंग गोंदवणारा माणूस वाईट वळणाचा.
वस्तुस्थिती: या समजुतीत सरकारचाही हात आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगाल प्रांतात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. इकडे गोंड आणि बंजारा बायकांनी, गावोगावच्या आज्यांनी गोंदण मिरवलं ते दागिना म्हणून. कान-नाक टोचणं हाही शरीरात केलेला बदलच, पण मुलाखतीत चमकीवर कुणी बोट ठेवत नाही. डोळ्याला सवय आहे एवढंच.

गैरसमज: खासगी मालकाने टॅटूवरून नाकारलं तर कायदा आपल्या बाजूने आहे.
वस्तुस्थिती: घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, आणि भेदभावाच्या ज्या कारणांना ते मनाई करतं त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे; रूपाचा उल्लेख नाही. खासगी नोकरीसाठी टॅटूबद्दल वेगळा कायदा नाही. मात्र गोंदणाचं निमित्त करून अनुसूचित जमातीच्या माणसाला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित केलं, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे त्याला हे संरक्षण नाही.

गैरसमज: लेझर मारला की आठवड्यात हात कोरा.
वस्तुस्थिती: काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी पडते, हिरवी-पिवळी चिवट असते. सावळ्या कातडीवर पांढुरके डाग राहू शकतात. ॲसिडने तर टॅटूच्या जागी व्रण येतो आणि मेडिकलमध्ये तोही तपासला जातो.

म्हणून आधी जाहिरातीतलं टॅटूचं कलम वाचावं, टॅटू लपवू नये आणि काढायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे वेळेत जावं. सैन्याने निदान जागा, आकार आणि अपवाद लिहून ठेवलेत. उमेदवार त्यांवर वाद घालू शकतो. दुकान, शोरूम किंवा ऑफिसात ‘नंतर कळवतो’ म्हणून परत पाठवलेल्या मुलीला भांडायला तेवढाही कागद मिळत नाही. खरा भेदभाव तिथे आहे.