संगणकाचं नवं बिऱ्हाड

भाड्याचं घर बदलायचं म्हटलं, की आपण आधी सामान मोजतो, मग टेम्पो ठरवतो. तरीही नव्या घरी गेल्यावर कळतं, की कपाट दारातून आत जात नाही. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बदलताना तर आपण सामानही मोजत नाही. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ अशी बटणं दाबत जातो, आणि तासाभरानं प्रिंटर मुका झालेला असतो.

तो मुका का होतो? प्रिंटर आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्यप्रणालीची बोली बदलली, की दुभाष्यालाही ती शिकावी लागते. आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरसाठी नवा दुभाषा तयार करण्यात उत्पादकाला बहुधा रस नसतो. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा हीच ओरड झाली होती. मायक्रोसॉफ्टनं ड्रायव्हरची रचना बरीच बदलली होती आणि पुष्कळ यंत्रांचे नवे ड्रायव्हर वेळेत तयार नव्हते. त्यात भर म्हणून उठसूट परवानगी मागणारी खिडकी! हेतू सुरक्षेचा, चांगलाच होता. पण सारखं ओळखपत्र मागणाऱ्या पहारेकऱ्याला माणसं न बघताच ‘हो’ म्हणू लागतात. अनेक कचेऱ्या जुन्या एक्सपीलाच चिकटून राहिल्या. तिचाही आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला.

तेव्हा ‘बदलायचंच नाही’ हा हट्ट फार काळ चालत नाही. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणक कागदोपत्री म्हातारे ठरले. शिवाय ती फक्त ६४ बिटची आहे. डॉसच्या जमान्यातला एखादा जमाखर्चाचा प्रोग्रॅम कुणी अजून जपून वापरत असेल, तर तो तिच्यावर सरळ चालत नाही.

पण मराठी माणसाची खरी पंचाईत वेगळीच आहे. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर गावच्या आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. सुमारे दोनशे पानं. ते गेल्यानंतर मी नवा संगणक घेतला, ती फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रास! फाइल खराब झाली, असं समजून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

फाइल शाबूत होती. जुने मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. कृतिदेवमध्ये आपण ‘मराठी’ लिहितो, तेव्हा संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. नव्या संगणकात तो फाँट नसला, की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. फाँट बदलला तरी ‘म’ हा ‘म’च राहतो.

मग जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. त्यासाठी परिवर्तक प्रोग्रॅम आहेत, पण तिथंही मेख आहे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची आणि रफार नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा. परिवर्तक बहुतेक ठिकाणी हा उलटफेर करतो, एखाद्या जोडाक्षरापाशी अडखळतो. म्हणून संगणक बदलण्याआधी जुन्या यंत्रातले फाँट फाइलींबरोबर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि नवीन यंत्रावर सगळं उघडून पाहिल्याशिवाय जुनं भंगारात देऊ नका. माझं जुनं यंत्र माळ्यावर होतं, म्हणून निभावलं.

आता रोज रात्री मी वडिलांची चार-पाच पानं तपासतो. ते हयात असताना मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. माणसांची आणि शेतांची नावं परिवर्तकानं बिघडवली, की आई शेजारी बसून सांगते. अजून एकशे चाळीस पानं बाकी आहेत.