विद्वत्तेची आणेवारी

प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी बसणाऱ्या निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून जाण्याचा योग गेल्या वीस-बावीस वर्षांत मला बऱ्याच वेळा आला, आणि या बैठका विद्यापीठाच्या प्रशस्त सभागृहात भरलेल्या असोत की तालुक्याच्या गावी प्राचार्यांच्या दालनात, चहा येण्यापूर्वी एक प्रश्न हटकून निघाला: “इम्पॅक्ट फॅक्टर किती आहे हो?” उमेदवाराने काय शोधले, ते पूर्वी कोणास ठाऊक होते काय, त्याची सिद्धता टिकण्याजोगी आहे काय, या गोष्टींची विचारपूस मात्र क्वचितच झाली. एका गृहस्थांनी आपल्या निबंधांच्या प्रती सुतळीने बांधून आणल्या होत्या. ती गाठ संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, आणि त्यांच्या नावापुढे सर्व नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज, दशांश चिन्हानंतरच्या तीन स्थळांपर्यंत, मोठ्या दक्षतेने मांडली गेली.

या बेरजेमागे जो समज आहे तो असा, की ज्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा त्यातील प्रत्येक निबंध श्रेष्ठ, आणि ज्याचे असे निबंध अधिक तो विद्वान श्रेष्ठ. या दोन पायऱ्यांपैकी एकही पक्की नाही.

मुळात हा अंक माणसांसाठी निर्माणच झाला नव्हता. फिलाडेल्फियाचे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भोल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली, आणि पुढील दशकात त्या सूचीसाठी शेकडो नियतकालिकांतून कोणती घ्यावीत हे ठरवताना त्यांनी व त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी हे माप योजले. हेतू ग्रंथपालाचा होता. गणितही ग्रंथपालाला शोभेसे साधे आहे: लगतच्या मागील दोन वर्षांत नियतकालिकाने जे छापले त्याचा चालू वर्षी एकूण किती वेळा उल्लेख झाला, ती संख्या घ्यावयाची आणि त्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येने तिला भागावयाचे. येते ती सरासरी. व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी ती वापरणे धोक्याचे आहे, असे स्वतः गारफिल्ड हयातभर बजावत राहिले.

सरासरीच्या जोरावर एकट्यादुकट्याचा निवाडा केल्यास काय अनर्थ होतो, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला प्राध्यापकांनी शिकवावयाची गरज नाही. गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या वर लागली, की ज्याच्या बांधात दाणाही उरला नाही त्याच्याही नावावर पीक बरे असल्याची नोंद दप्तरात होते; आणि तो तक्रार घेऊन कचेरीत गेला असता, तुझे शेत आम्ही पाहिले नाही, गाव पाहिले, असेच उत्तर त्याला मिळते. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर ही त्या गावाची आणेवारी आहे. फरक इतकाच, की शेतकरी तिच्याविरुद्ध ओरडतो आणि आमचे विद्वान, ती सोयीची असली म्हणजे, अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापतात.

शिवाय ही सरासरी विलक्षण लंगडी असते, कारण संदर्भोल्लेख निबंधांमध्ये समान वाटले जात नाहीत. थोड्यांना अमाप आणि बहुतेकांना जेमतेम असाच त्यांचा स्वभाव असतो. व्हिन्सेंट लारिव्हिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली अकरा नियतकालिके तपासली, तेव्हा ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ यांसारख्या शिखरस्थ नियतकालिकांतीलही सुमारे तीन-चतुर्थांश निबंधांचे उल्लेख त्यांच्या त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी भरले. म्हणजे तेथे छापून आलेल्या चौघांपैकी तिघे उरलेल्या एकाच्या पुण्याईवर मिरवत असतात.

एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नसेल त्याने स्फटिकशास्त्राच्या ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाची कथा ऐकावी. २००८ साली या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ होता; २००९ साली तो ४९.९२६ झाला आणि ‘नेचर’ व ‘सायन्स’ दोघेही मागे पडले. संपादक बदलले नव्हते, परीक्षणाचा शिरस्ता बदलला नव्हता. घडले ते इतकेच, की गटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आपल्या ‘शेलएक्स’ या संगणकप्रणालीचा इतिहास सांगणारा निबंध जानेवारी २००८ मध्ये तेथे लिहिला, आणि ही प्रणाली वापरणाऱ्यांना संदर्भासाठी हा निबंध उपयोगी पडेल असे त्यातच नमूद करून ठेवले. संशोधकांनी आज्ञाधारकपणे तसे केले. उल्लेखांची संख्या हजारोंच्या घरात गेली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकातील दुसऱ्या क्रमांकाच्या निबंधाला अवघे २८ उल्लेख मिळाले होते. दोन वर्षांची मुदत सरताच अंक पुन्हा दोनच्या आसपास उतरला. मधल्या काळात तेथे छापले गेलेले निबंध एकाएकी चोवीसपट उत्कृष्ट झाले होते आणि नंतर पुन्हा निकृष्ट झाले, असे मानावयास कोणी तयार असेल तर त्याच्याशी वाद घालण्याचे त्राण माझ्यात नाही.

बरे, उल्लेख म्हणजे गौरव, हेही गृहीत खरे नाही. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी सूचित करणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा ‘लॅन्सेट’मधील निबंध वैद्यकातील विपुल उल्लेखांच्या निबंधांपैकी आहे, ते उल्लेख बहुतांशी त्याचे खंडन करणारे आहेत आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो निबंधच मागे घेतला. उल्लेख मोजणाऱ्या यंत्राला मात्र स्तुती आणि शिवी यांत भेद करता येत नाही. त्याच्या खतावणीत दोन्ही जमेच्याच बाजूला पडतात.

आणि दोन वर्षांची ही मुदत! देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेपुढे मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र चारही अंक एकसारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करीत जावे, तर फार तर सात पावलांत ६१७४ वर येऊन ठेपावे लागते. त्यांचे पुष्कळसे लेखन स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकांत किंवा किरकोळ नियतकालिकांत आले, आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यानंतर. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली, १२५९ हस्तलिखिते धुंडाळली आणि १९६६ साली काम तडीस नेले. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालीच निवर्तले होते. दोन वर्षांच्या हिशेबात या सत्तेचाळीस वर्षांना कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

अशा मापाला सरकारी शिक्का मिळाला म्हणजे त्याचा बाजार होणे अटळ असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतील तक्त्यानुसार इम्पॅक्ट फॅक्टर एक ते दोन असेल तर १५ गुण, दोन ते पाच असेल तर २०, आणि दहाच्या वर असेल तर ३०; आणि हा अंक थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून ठरवावा असा हुकूम. गंमत अशी, की त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ सालीच विकून टाकला होता आणि यादी आता क्लॅरिव्हेट या नावाने निघत होती. ज्यांना खरा अंक मिळत नव्हता त्यांच्यासाठी भारदस्त नावांचे बनावट अंक विकणारी दुकाने केव्हाच निघाली होती. डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये जी तपासणी प्रसिद्ध केली तीत, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी १००९ पाहिली असता ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची ठरण्याजोगी आढळली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. त्यांतील बरीचशी तेथवर पोहोचली होती ती विद्यापीठांच्याच शिफारशीने, हे विसरू नये.

इतर गैरसमजांसाठी इतका कागद खर्च करण्याची गरज नाही. आयएसएसएन क्रमांक म्हणजे सरकारमान्यता नव्हे. तो मोटारीच्या पाटीसारखा ओळखीचा क्रमांक आहे, त्यावरून गाडी चांगली की भंगार हे कळत नाही. लेखकाकडून शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक बनावट नसते. ‘प्लॉस’ची नियतकालिके शुल्क घेतात आणि परीक्षणही कसून करतात. एच-निर्देशांक, म्हणजे ज्या कमाल संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी निदान तितकेच उल्लेख मिळाले ती संख्या, होर्हे हिर्श यांनी २००५ साली मांडला; तोही रामबाण नाही: ज्याने आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचे हजार उल्लेख झाले, त्याचा निर्देशांक पाचच राहील. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवाऱ्यांविषयी एवढेच, की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला २०२२च्या क्यूएस क्रमवारीत प्रत्येक अध्यापकामागील संदर्भोल्लेखांसाठी १००पैकी १०० गुण होते आणि संस्थेचा क्रमांक होता १८६, कारण त्या वेळी ४० टक्के वजन जगभरच्या प्राध्यापकांच्या मनातील प्रतिष्ठेला होते.

मराठीत लिहिलेले ते संशोधन नव्हे, हा समज मात्र एका ओळीत सोडवत नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८पासून खंडाखंडाने काढली ती मराठीत, आणि आजही त्या खंडांना वगळून मराठेशाहीवर लिहू पाहणाऱ्यास कोणी अभ्यासक म्हणणार नाही. मूल्यमापनातील अंकांच्या वापरासंबंधी २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांतही स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातील उत्कृष्टता जपावी, असे एक स्वतंत्र तत्त्व आहे.

मग उत्कृष्टता ओळखावी कशी? ब्रिटनमध्ये ठरावीक वर्षांनी विद्यापीठांच्या संशोधनाची जी राष्ट्रीय पाहणी होते तीत नावीन्य, महत्त्व आणि काटेकोरपणा या तीन कसोट्या लावल्या जातात. २०२१च्या पाहणीत तज्ज्ञांनी निबंध स्वतः वाचावेत आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरकडे पाहू नये असा दंडक होता, व एका व्यक्तीची फार तर पाचच कामे विचारात घेतली जात. हे फुकट होत नाही; त्या पाहणीचा खर्च सुमारे ४७ कोटी पौंडांवर गेल्याचा अंदाज निघाला, आणि तेथील प्राध्यापकही त्या कारकुनीबद्दल कमी कुरकुरत नाहीत. आपल्याकडील प्राचार्यांची हरकत वेगळी असते: ऐंशी अर्ज, एक दिवस, वाचावयाचे कधी? हरकत खोटी नाही. पण पहिली छाननी झाल्यावर उरलेल्या आठ-दहा उमेदवारांकडून प्रत्येकी तीन निबंध मागवून ते पंधरा दिवस आधी तज्ज्ञांकडे पाठवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. एका महाविद्यालयाने माझ्या आग्रहाखातर एकदा तसे केले. मुलाखती रात्री नऊपर्यंत लांबल्या, दोन सभासदांची गाडी चुकली, आणि ज्या बाईंची निवड झाली त्यांच्या तीन निबंधांपैकी ज्यावर सर्वांत अधिक चर्चा झाली तो मराठीत होता. तक्त्यातील इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात त्यासमोर आडवी रेघ होती.